डागाला हात लावला नाही

थ्रेडिंग शिकायचं तर पहिले पंधरा दिवस दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही, स्वतःच्या नडगीवर शिकायचं, असा आम्हाला शिकवणाऱ्या शाहीन आपांचा कायदा होता. पाय पोटाशी घेऊन चटईवर बसायचं, दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि नडगीवरची लव एकेक करून उपटायची. डोळ्यांतून पाणी यायचं, दोऱ्यानं जीभ कापायची, नडगी लालभडक व्हायची. आपा आमच्यामधून फिरायच्या आणि म्हणायच्या, "ज्याले स्वतःचं दुखलेलं माहीत नाई, त्याच्या हातात दोरा देऊ नये बेटा." माझ्या नडगीवर त्या दिवसांचे दोन बारके वण अजून आहेत. पाय पोटाशी घेऊन बसणं मात्र कधीच सुटलं. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून गुडघ्यांचं पीठ झालंय. दुपारी बाया कमी असल्या की मी त्याच खुर्चीत बसते आणि समोरच्या आरशातल्या बाईकडे बघायचं टाळते. लोकांची तोंडं धुऊन-पुसून आपलं तोंड बघायचा कंटाळा येतो, हे कोणाला सांगावं.

मी घाटंजीची. बाबा शिंपी. बाजाराच्या दिवशी त्यांची मशीन एका दुकानाच्या ओट्यावर असायची आणि एरवी घरात. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. बारावीनंतर मास्तरकीच्या यादीत माझा नंबर काही लागला नाही, तेव्हा बाबांनीच कुठून तरी ऐकून आणलं की यवतमाळला पार्लरचं शिकवतात. मायचा विश्वास बसेना. "तोंडाले चोपडून कोनाचं पोट भरते काय व?" असं ती चार दिवस म्हणत राहिली. मग तिनंच एका पिशवीत ज्वारी, दुसऱ्या पिशवीत तूर भरली आणि मला एस.टी.त बसवून दिलं, कारण बहिणीकडे रिकाम्या हातानं पोरगी कशी पाठवायची.

मावशी यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहायची. मौसाजी तिथल्याच एका कारखान्यात कामाला. मावशी तिथल्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे करायची. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, छपराखाली मोठी चूल. सकाळी भोंगा व्हायच्या आत अठरा डबे भरून झाले पाहिजेत. त्यामुळे माझी सकाळ म्हणजे भाकरी थापल्याचा थपथप आवाज, फोडणीतल्या लसणाचा वास आणि ओलं लाकूड धुमसून राहिलं म्हणून मावशीनं चुलीला घातलेल्या शिव्या. कांदा चिरायचं काम मावसबहीण रंजू आणि माझ्याकडे. पातोडीचा रस्सा असला की ढीगभर कांदा. मग मी घाईघाईनं हात धुऊन ऑटोनं यवतमाळला जायची, आणि दारातच आपा माझा हात नाकाशी नेऊन वास घ्यायच्या. त्या रोज प्रत्येकीच्या हाताचा वास घ्यायच्या. "आज फिर प्याज. कोणाच्या नाकासमोर हा हात नेशीन तू?" मग लिंबाची फोड मिळायची आणि मी कोपऱ्यात बसून बोटं चोळायची. आजही माझ्या पार्लरात मोरीवर लिंबाची फोड असते. पोरी हसतात.

आपांचा वर्ग घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर माडीवर होता. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक, आतल्या खोलीत आम्ही सहा पोरी. आपा पन्नाशीच्या, सडपातळ, कायम थकलेल्या वाटायच्या. तेव्हा मला वाटायचं ही बाई चिडकी आहे. आता कळतं की तिचे पाय दुखत असणार. फेशियलमध्ये बोटं कुठून कुठे फिरवायची, ब्लीचची पावडर मलईत किती घालायची, ती आधी कानामागे लावून का बघायची, वाफ किती अंतरावरून द्यायची, हे सगळं त्या तोंडानं कमी आणि हात धरून जास्त शिकवायच्या. आणि एक गोष्ट मात्र रोज बोलायच्या. डाग दिसला आणि तो कशाचा ते समजलं नाही, तर डागाला हात लावायचा नाही. डॉक्टरकडे पाठवायचं. "अपन चमडीचे डॉक्टर नाई. अपन धुन्यावाले हाओत," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

शिकणाऱ्या पोरीला तोंडं लागतात. नडगी संपली की कोणाचं तरी तोंड पाहिजेच. बाकीच्या पोरी एकमेकींच्या भिवया घेऊन घेऊन दोरीसारख्या बारीक करून बसल्या होत्या. माझं नशीब असं की मला घरात रंजू होती. माझ्याहून एका वर्षानं मोठी, सावळी, गोल चेहऱ्याची, भारी बोलकी. रोज संध्याकाळी डबे घासून झाले की ती छपराखाली बाजेवर पडायची आणि म्हणायची, "कर बाई, काय करायचं ते कर. पन मले हेमामालिनी नको करू." मी दोरा दातात धरायची. उजव्या भिवईला ती माझ्या नावानं सात पिढ्यांचा उद्धार करायची. डावीला मात्र गप्प. डावीकडे मी कितीही दोरा ओढला तरी डोळा मिचकवायची नाही. एकदा मी तिला आपांकडे नेलं, तेव्हा सगळ्या पोरी बघतच राहिल्या. "हिच्यासारखी मॉडेल नाई," असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. मला वाटायचं, उजवीकडे शिव्या देऊन झाल्या की तिचा राग संपत असेल.

तिच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या थोडं खाली, एक फिकट चट्टा होता. जुन्या आठ आण्याएवढा असेल सुरुवातीला. सावळ्या रंगावर तो दिसायचा. मावशी म्हणायची जंत झालेत. तिनं तिला कडू किराईत पाजलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शिअमच्या गोळ्या दिल्या. चट्टा काही हलेना, उलट हळूहळू वर भिवईपर्यंत पसरला. आणि तेवढ्यात वणीकडून स्थळ आलं. मुलगा एका ट्रकवर ड्रायव्हर, घरची दोन एकर, माणसं बरी. महिन्याभरानं एका रविवारी पाहायला येणार. मावशीचा जीव खालीवर. पोरगी सावळी, हे ते ऐकून होते. चट्ट्याचं कोणी सांगितलं नव्हतं. तिनं मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि म्हणाली, "वंदे, एवढे पैसे भरून शिकून राह्यली न तू? मंग एवढा एक डाग नाई निघत तुह्याच्यानं?"

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मला कोणी ढकललं नाही. आपांनी सांगितलं होतं डागाला हात लावायचा नाही. मी विचार करत राहिले आणि मला वाटलं, आपल्याला भलतीच अक्कल सुचली. डागाला कशाला हात लावायचा? डाग फिकट आहे, तर बाकीचं तोंड फिकट करायचं. मी ब्लीच कालवलं, कानामागे लावून बघितलं, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि चट्टा सोडून त्याच्या कडेकडेनं, बोटाच्या टोकानं, रांगोळीची रेघ ओढावी तसं सगळ्या तोंडाला लावलं. दर चार दिवसांनी थोडं थोडं. शनिवारपर्यंत चट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते माझं मलाच सापडेना. वरून हलकी पावडर. मावशीनं आरसा घेतला, रंजूचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं आयुष्यात माझं एवढं कौतुक एकदाच केलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलानं मान हलवली. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली.

त्यानंतरच्या आठवड्यात सर्वेवाल्या बाई आल्या. पांढरी साडी, काखेत रजिस्टर, खांद्याला झोळी. घरोघर जाऊन कुष्ठरोगाचं विचारत होत्या. आम्ही तिघी कांदा चिरत होतो. बाईंनी उभ्यानंच पाठ केलेलं म्हणून दाखवलं. घरात कोणाच्या अंगावर फिकट नाहीतर लालसर चट्टा आहे का? तिथे हात लावला तर समजत नाही, टोचलं तर दुखत नाही, असा? मावशी म्हणाली, "नाई बाई, आमच्या इथं तसं काही नाई." बाईंनी नियमाप्रमाणे एकेकीचे हात पाहिले, तोंडं पाहिली. रंजूला म्हणाल्या, "अशी उजेडात ये बरं." हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड इकडून तिकडे फिरवलं. मग हसल्या. "किती साफ तोंड हाये व तुहं. काय लावतेस?" मावशीचा चेहरा फुलला. "आमच्या वंदीनं केलं. पार्लर शिकते ते." बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या.

माझा कांदा विळीवर अर्धाच राहिला. दुखत नाही असा. डावीकडे डोळा न मिचकवणारी रंजू, माझी मॉडेल. दुपारी मावशी रिकामे डबे आणायला गेली तेव्हा मी रंजूला बाजेवर झोपवलं आणि म्हटलं, "डोळे मिट. मी कापूस लावते, कुठं लावला ते बोटानं दाखव." तिला खेळ वाटला. मी उशीतला कापूस काढून त्याचं टोक बारीक वळलं. कपाळाला लावला, तिनं दाखवलं. हनुवटीला, दाखवलं. उजव्या गालाला, हसून दाखवलं. मग मी तो डाव्या गालावर, त्या हरवलेल्या चट्ट्यावर ठेवला. रंजू तशीच पडून होती. थोड्या वेळानं म्हणाली, "लाव न व. कवा लावतेस?" आणि कापूस तिच्या गालावर होता.

मी मावशीला सांगितलं. न सांगितल्याचं पाप माझ्या माथी नाही, पण त्यानं फार फरक पडत नाही. मावशी चुलीत फुंकर घालत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "कापूस कोनाले समजते व? तुह्या डोक्यात त्या बाईनं भरवलं." मग लाकूड आत सारून, आवाज उतरवून, "साक्षगंध होऊन जाऊ दे वंदे. मंग नेऊ तिले. आता बोलली न, तर माही पोरगी जन्मभर घरात राह्यते." मौसाजींना सांगता आलं असतं. आपांना तर सांगायलाच पाहिजे होतं. पण आपांना सांगितलं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं, आणि वर्गातून काढून टाकलं तर घाटंजीला जाऊन मायसोबत वावरात उभं राहावं लागलं असतं. ही खरी गोष्ट आहे. मावशीला पोरीच्या लग्नाची काळजी होती आणि मला माझ्या वर्गाची. रंजूची काळजी दोघींनाही होती, पण तिचा नंबर त्यानंतर लागला.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी मी परत ब्लीच केलं. साक्षगंध छान झालं. मग मावशी म्हणाली, आता लग्नच होऊन जाऊ दे. लग्न होतं उन्हाळ्यात. अधल्या-मधल्या महिन्यांत रंजूच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. कांदा चिरताना येतंच, चुलीच्या धुरानं येतंच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. तीच पदरानं पुसायची आणि म्हणायची, "हा डोळा लयच रडका झाला बाप्पा. सासरी जायच्या आधीच सुरू."

आपांकडे वाफेचं यंत्र आलं तेव्हा मी रंजूलाच घेऊन गेले. वाफ सुरू केली, तिचं तोंड पुढे धरलं. ती काहीतरी गुणगुणत होती. आपांनी गिऱ्हाईकाला बाहेर आवाज दिला म्हणून मी मान वळवली, आणि परत पाहिलं तर तिनं डावा गाल यंत्राच्या तोंडाशी नेला होता आणि अजून गुणगुणत होती. गालावर फोड उठत होता. आपांनी आत येऊन तिला मागे ओढलं. "गरम नाई लागलं तुले?" रंजू म्हणाली, "नाई. काहून?" आपा तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कापसाच्या गुंडाळीतून एक तुकडा तोडला. त्या काय करणार हे मला माहीत होतं. रंजूचे डोळे त्यांनी हातानं झाकले, कापूस लावला, वाट पाहिली आणि कापूस खाली ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले मालूम होतं?" मी म्हणाले, "मी डागाला हात लावला नाही, आपा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोडावर गार पाण्याची घडी ठेवत त्या म्हणाल्या, "हात चांगला हाये तुहा. म्हणून तर कोणाले दिसलं नाई." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्लर बंद ठेवलं, बुरखा चढवला आणि आम्हा दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी टोचून पाहिलं, कानामागच्या, कोपराच्या नसा चाचपल्या. मग म्हणाले, दोन्ही डोळे घट्ट मिटा. रंजूनं जोर लावून मिटले. उजवा मिटला. डाव्याला फट राहिली, भिवईच्या दोऱ्याएवढी. डॉक्टर म्हणाले हा कुष्ठरोगच आहे, पण घाबरायचं काही कारण नाही, गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण घेतल्या की पूर्ण बरा होतो. डोळ्याचं मात्र सांगता येत नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तसंही नक्की सांगता येत नाही. हे वाक्य मी तीस वर्षं वागवते आहे. कधी त्याचा आधार वाटतो, कधी वाटतं त्यांनी सरळ हो म्हटलं असतं तर सुटले असते.

घरी मावशीनं रंजूची ताटली वेगळी केली. रडत रडत केली, पण केली. कधी फारसं न बोलणारे मौसाजी कामावरून आले, कोपऱ्यात बसलेल्या रंजूपाशी गेले, तिच्या ताटलीतल्या वरणात भाकर मोडली आणि तिच्याच ताटलीत जेवले. रोज तसंच जेवत राहिले, मावशीनं ताटली परत मांडणीत ठेवेपर्यंत. वणीलाही तेच गेले आणि खरं काय ते सांगून आले. तिकडच्यांनी आठ दिवसांनी विहिणीला दिलेली साडी परत पाठवली, लग्न मोडलं. त्या दिवशी मावशी मला म्हणाली, "तू आली नसती न, तर तो डाग सगळ्यांले दिसला असता." तिनं रागात म्हटलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. मी पिशवी भरली. आपांनी मला आतल्या खोलीत राहू दिलं, आणि वर्गातून काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून सहाही पोरींना दोऱ्याआधी कापूस हातात घ्यावा लागला.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी फोनवर व्हिडिओ बघून अर्धं शिकूनच येतात. मी त्यांना फिकट चट्ट्यावर आधी कापूस लावायला लावते, तेव्हा त्यांना ते म्हातारीचं खूळ वाटतं. तीस वर्षांत मी सात जणींना दवाखान्यात पाठवलं. दोघी पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत, आणि एकीच्या सासूनं पार्लरात येऊन माझा उद्धार केला. खरंच, आता थकले मी समजावून सांगायला.

रंजू वर्षभरात पूर्ण बरी झाली. पुढे तिचं लग्न आर्णीला झालं, सगळं सांगून केलं. आता तिला नातू आहे. डोळ्यात थेंब घालते, उन्हात काळा चष्मा लावते. दीड-दोन महिन्यांनी एस.टी.नं माझ्याकडे येते. भाकरी आणि ठेचा घेऊन येते, कारण माझ्याकडे कांदा चिरायलाही कोणी नाही, असं तिचं मत. मी एकदा धीर करून विषय काढला होता. म्हटलं, रंजे, मी तुझ्या डोळ्याचं वाटोळं केलं. तिनं डोळा पदरानं पुसला. मग म्हणाली, "मले काय आरसा नोता व? मलेही डाग दिसाले नकोच होता. तू एकटीच कायले घेऊन बसते?" तिनं माझं ओझं वाटून घेतलं असं तिला वाटलं असेल. मला ते हलकं झाल्यासारखं वाटलं नाही.

परवाच आली होती. सवयीनं खुर्चीत मागे रेलली, मी तिच्या कपाळावरचे पांढरे केस मागे सारले आणि दोरा दातात धरायच्या आधी म्हणाले, "डोळे मिट." तिचा उजवा डोळा मिटला. डावा अर्धवट उघडाच, माझ्याकडे बघत. ती तशीच पडून गप्पा मारत होती, सुनेच्या, बसच्या, तुरीच्या. मी ओल्या कापसाची घडी केली, त्या डोळ्यावर ठेवली आणि कामाला लागले.